एका गाळ्याचं भाडं

मुलीच्या खोलीतल्या भिंतीवर बशीएवढा ओलसर डाग पडला आणि मी तो आठ दिवस कोणाला सांगितला नाही. घरात काही बिघडलं की ते आधी मनात मुरवायचं, ही माझी पद्धत आहे. नवव्या दिवशी डाग ताटाएवढा झाला आणि हिला दिसला.

"हे कधीपासून आहे?" हिने विचारलं.

"आत्ताच दिसतंय," मी म्हटलं. एकतीस वर्षं एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाला, आलेली गोष्ट कोणत्या तारखेची दाखवायची, हे शिकवावं लागत नाही.

प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला, दोन टिचक्या मारल्या, डोळे मिटले आणि खोली रिकामी करायला सांगितलं. किती दिवस म्हणून विचारलं तर पंधरा म्हणाला. आता, चार दिवसांच्या कामाला प्लंबर दोन दिवस सांगतो, हा माझा आजवरचा अनुभव. हा माणूस आपण होऊन पंधरा म्हणतोय म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली.

खोली रिकामी करायची म्हणजे काय करायचं, हे त्याला सांगायला सोपं होतं. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली त्याला दोन वर्षं झाली. रात्रभराचा प्रवास. जाताना एक सूटकेस घेऊन गेली आणि बाकी सगळं आयुष्य इथेच ठेवून गेली. पलंग, अभ्यासाचं टेबल, डावीकडे कलणारी चाकांची खुर्ची, दोन तारांची गिटार (मुळात सहा होत्या), पृथ्वीचा गोल, टिकल्यांसारखी चित्रं चिकटवलेला आरसा, आणि अकरा खोकी. खोक्यांत काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तिचं सामान तिला न विचारता उघडायचं नाही असा आमच्या घरात नियम आहे. नियम तिनेच केलेला आहे, तेरा वर्षांची असताना, दारावर कागद लावून.

हिने फोन केला. "अगं, तुझ्या खोलीतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं?"

"आत्ता मीटिंगमध्ये आहे, आई. मी आले की बघू." मग तिनेच विचारलं, "ते जाऊ दे. तुम्ही दोघं इकडे कधी येताय? बाबांना दे."

मी फोन घेतला आणि म्हटलं, "बघू."

फोन ठेवल्यावर ही बराच वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसली होती. "आले की बघू म्हणाली," हिने मला सांगितलं. मी समोरच उभा होतो, तरी सांगितलं. आले की, म्हणजे येणार. तेवढं एक वाक्य आम्ही दोघांनी महिनाभर पुरवून खाल्लं. आणि ती येऊन बघणार म्हटल्यावर खोलीतली एक टाचणीही टाकायचा प्रश्न उरला नाही.

सामान ठेवायचं कुठे, यावर शेजाऱ्यांनी सल्ले दिले. सल्ल्याला जागा लागत नसल्यामुळे ते भरपूर आले. समोरच्या मावशींनी आपली बाल्कनी देऊ केली, पण दोन खुर्च्यांपुरतीच, आणि त्यांच्यावर आपले कपडे वाळत घालायच्या अटीवर. वर म्हणाल्या, "विकून टाका हो सगळं. एकदा गेलेली मुलं कुठे परत येतात?" हिने चार दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला वाईट वाटलं, कारण मावशींकडे आमचं वर्तमानपत्र पडायचं.

वरच्या मजल्यावरचे वकील मात्र मुद्द्याचं बोलले. गावाबाहेर सामान ठेवण्यासाठी गाळे भाड्याने मिळतात, आपलं कुलूप, आपली किल्ली, हवं तेव्हा जावं, हवं तेव्हा यावं. "फक्त सही करण्याआधी करार मला दाखवा," ते म्हणाले. मी नाही दाखवला. ज्याने स्वतः एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या करारांवर शिक्के मारले, त्याने वकिलापुढे कागद घेऊन उभं राहायचं म्हणजे काय. याचे परिणाम पुढे येतीलच.

गाळ्यांची इमारत एका जुन्या कारखान्याची होती. आत नारिंगी रंगाची पत्र्याची दारं ओळीने लावलेली, आणि समोर काचेच्या खोलीत टाय बांधलेले व्यवस्थापक. चाळिशीचे असतील. जाहिरातीतली रक्कम मी कापून खिशात ठेवली होती, ती त्यांच्यापुढे ठेवली.

"हो, हो," ते म्हणाले, "त्या रकमेपासून."

'पासून' हा शब्द जाहिरातीत इतका बारीक छापलेला होता की मला तो छपाईतला डाग वाटला होता. त्या रकमेचा गाळा त्यांनी उघडून दाखवला. मी आत जाऊन उभा राहिलो. कोपरं दोन्हीकडे टेकली.

"ते माणसांसाठी नाहीये, काका," टायवाले म्हणाले.

मग पलंग मावेल असा गाळा. मग तळमजल्यावरचा महाग, म्हणून चौथ्या मजल्यावरचा. पहिला महिना अर्ध्या भाड्यात, पण किमान तीन महिने घ्यावे लागतात. मी म्हटलं, आम्हाला पंधराच दिवस हवाय. ते म्हणाले, सगळ्यांना पंधराच दिवस हवा असतो. शिवाय अनामत, नोंदणीचा खर्च, आणि कुलूप. कुलपं आमच्या घरी चार आहेत असं हिने सांगितलं, तर ती इथे चालत नाहीत, इथलंच विकत घ्यावं लागतं. तेवढ्या किमतीत मी कुलपाबरोबर दारही घेतलं असतं. पाकीट काढलं.

खरं घोडं अडलं ते विम्याच्या अर्जावर. प्रत्येक वस्तू आणि तिची अंदाजे किंमत लिहायची होती.

"खोकी अकरा," टायवाले म्हणाले. "आत काय आहे?"

"माहीत नाही," हिने सांगितलं.

"मग उघडून बघा ना, काकू."

"तिला न विचारता?"

"बरं, राहू दे. गिटार. दोन तारांची. किंमत काय धरू? शून्य टाकतो."

"शून्य नका टाकू," ही म्हणाली. "तुम्हाला मुलगी आहे का?"

"दोन मुलगे आहेत."

"मग नाही कळायचं तुम्हाला."

टायवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पृथ्वीच्या गोलाची किंमत विचारात घेत असल्यासारखं छताकडे पाहिलं. शेवटी त्यांनी 'घरगुती सामान, एकूण' असं लिहून त्यापुढे एक आकडा टाकला. तो पाहून हिने एवढंच म्हटलं की फार कमी आहे. त्यामुळे त्यांनी तो वाढवला, आणि त्यामुळे विम्याचा हप्ताही वाढला.

यानंतर दार उघडण्यासाठी अंगठ्याचा ठसा घ्यायचा होता. माझा अंगठा यंत्राला दिसेना. पुसून लावला, दाबून लावला, फुंकर मारून लावला. "रेषाच नाहीत, काका," टायवाले म्हणाले. एकतीस वर्षं कागद उलटून झिजल्या असणार. हिचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. तेव्हा गाळा नंबर चारशे बारा माझ्या नावावर, भाडं माझ्या खात्यातून, आणि आत जायचा अधिकार तेवढा हिचा, अशी व्यवस्था झाली. आमच्या घरात याहून वेगळी व्यवस्था कधी नव्हती, पण ती आजवर यंत्राने लेखी दिलेली नव्हती.

सामान नेण्याचा दिवस मी थोडक्यात सांगतो, कारण त्या दिवसाची आठवण काढली की अजून कंबर दुखते. पलंग लिफ्टमध्ये गेला आणि मग बाहेर येईना. टेंपोवाल्याने कपाळाला हात लावला आणि थांबण्याचे वेगळे पैसे लावले. पलंग लिफ्टमध्येच सुटा केला. त्याच्या बोल्टांची पिशवी मी नीट सांभाळायची म्हणून कुठेतरी ठेवली, ती अजून तिथेच असेल. त्यामुळे गाळ्यात तो पलंग तीन पायांवर आणि एका खोक्यावर उभा राहिला.

इकडे भिंत फोडल्यावर कळलं की गळती आमच्या नळाची नव्हतीच. वकिलांच्या न्हाणीघरातून पाणी येत होतं. मी वर जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी मला एक पत्र पाठवलं, ज्याचा मथितार्थ असा होता की त्यांचं पाणी आमच्या भिंतीत परवानगीशिवाय अडवलं जातंय. करार त्यांना दाखवला असता तर हे पत्र आलं नसतं, असं हिचं म्हणणं आहे. पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. आणि नवा रंग लावल्यावर प्लंबर म्हणाला, भिंत वाळू द्या, सहा महिने तिथे काही लावू नका.

पहिल्या रविवारी ही म्हणाली, "सामान नीट आहे ना, बघून येऊ." दोन बस बदलून गेलो. कोपऱ्यात सगळं एकावर एक रचलेलं पाहून हिचा चेहरा उतरला. "आरसा असा भिंतीकडे तोंड करून कसा ठेवलात?" म्हणाली. आरसा फिरवला. मग टेबल खिडकीपाशी हवं म्हणून सरकवलं. खिडकी नव्हती, पण घरी जिथे खिडकी होती त्या बाजूला सरकवलं. पुढच्या रविवारी पलंगावर चादर आली. त्याच्या पुढच्या रविवारी तिच्या शाळेतली ढाल खिळ्याला लागली. महिनाभरात चारशे बारामध्ये आमच्या मुलीची खोली जशीच्या तशी उभी राहिली, फक्त भिंती पत्र्याच्या.

तिथल्या दिव्यांचा एक विचित्र नेम होता. माणूस हलला की लागायचे, पाच मिनिटं कोणी हललं नाही की विझायचे. म्हणून ही आवराआवर करायची तेव्हा मी दारात उभा राहून दर चार मिनिटांनी दोन्ही हात वर करून हलवायचो. एका रविवारी छतातून आवाज आला, "चारशे बारा, काका, काही त्रास होतोय का?" मी वर पाहून नाही म्हटलं. "मग हात का हलवताय?" मी म्हटलं, व्यायाम करतोय. साठी उलटलेल्या माणसाला छताशी खोटं बोलावं लागलं.

समोरचा गाळा एका उंच, सडसडीत गृहस्थांचा होता. त्यांच्याकडे अख्ख्या घराचं फर्निचर होतं. घर मात्र बांधायचं होतं. दार वर करून ते आपल्या सोफ्यावर बसलेले असायचे. आम्ही थर्मासमधला चहा त्यांना द्यायचो. मी एकदा विचारलं, कधीपासून आहात.

"सहा वर्षं झाली," ते म्हणाले. "मीसुद्धा तीन महिन्यांसाठीच घेतला होता."

चौथ्या महिन्यात भाडं वाढल्याचं पत्र आलं. कराराच्या नवव्या पानावर ते लिहिलेलंही होतं. मी ते पत्र हिला दाखवलं नाही, आणि हिने ते माझ्या शर्टाच्या खिशातून काढून वाचलं होतं हे मला सांगितलं नाही. सामान घरी आणून बैठकीत कोंबता आलं असतं. आम्ही तो विषयच काढला नाही. खरं सांगायचं तर घरातली ती रंगवलेली, रिकामी खोली मला बघवत नव्हती. गाळ्यात गेलं की वाटायचं, ती जरा बाहेर गेली आहे, येईल इतक्यात. रविवारची मी सोमवारपासून वाट पाहायचो.

शेवटी टायवाले स्वतः वर आले. आम्ही पलंगावर बसून चहा पीत होतो. त्यांनी कराराचं पान उघडून दाखवलं. "काका, इथे राहता येत नाही."

"राहतंय कोण?" ही म्हणाली. "बसलोय."

"चादर आहे, काकू. उशी आहे. पडदा आहे. खिडकी नसताना पडदा आहे."

"तिला उजेड सहन होत नाही सकाळचा," ही म्हणाली.

टायवाल्यांनी पान मिटलं आणि जाता जाता म्हणाले की रविवारी चार ते सहा ते स्वतः जेवायला गेलेले असतात. चार वाजता कोणी जेवत नाही. हिने पुढच्या वेळी त्यांच्यासाठीही चहा आणला.

आणि मग मुलीचा फोन आला. मंगळवारी येतेय, कामासाठी, शुक्रवारी संध्याकाळची गाडी. ही त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती. मंगळवारी ती आली, बॅग ठेवली, आणि आपल्या खोलीचं दार उघडून उभी राहिली.

"माझी खोली कुठे गेली?"

"दाखवतो," मी म्हटलं. ऐटीतच म्हटलं.

बुधवारी तिला घेऊन गेलो. हिने अंगठा लावला, मी दार वर ढकललं. मुलगी आत गेली. टेबल पाहिलं, पडदा पाहिला, ढाल पाहिली. आधी खो खो हसली. मग गिटारवरून बोट फिरवलं आणि हसायची थांबली.

"बाबा, याचं भाडं किती?"

मी सांगितलं. वाढीव नाही, जुनंच सांगितलं. हिने लगेच वाढीव सांगितलं.

"अहो, एवढ्या पैशात हे सगळं दोनदा नवीन आलं असतं. का ठेवलंत?"

"तूच म्हणालीस ना," मी म्हटलं. "आले की बघू."

ती खुर्चीत बसली. खुर्ची डावीकडे कलली. "बाबा, मी बघू म्हटलं होतं. आईला वाईट वाटेल, म्हणून टाकून द्या म्हणवेना, म्हणून बघू म्हटलं. तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला? मी सायकल मागितली, बघू. कुत्रा मागितला, बघू. समुद्र बघायला जाऊ म्हटलं, बघू. आपल्या घरात बघू म्हणजे नाही, हे मला पाचव्या वर्षी कळलं होतं."

कार्यालयात साहेब ज्या अर्जावर 'बघू' लिहायचे तो मी तिसऱ्या कपाटात टाकायचो, आणि तिसरं कपाट माझ्या सबंध नोकरीत कोणी उघडलं नाही. हा शब्द मला जेवढा समजतो तेवढा कोणाला समजत नसेल. आणि माझ्या मुलीने तो उच्चारला तेव्हा मी त्यावर गाळा भाड्याने घेतला.

"मला ओरडू नका," ती हळूच म्हणाली. कोणी ओरडत नव्हतं. "मीपण भरतेय भाडं."

"कसलं?" हिने विचारलं.

"मला तिकडे एक खोली पुरते, आई. दोन खोल्यांचं घर घेतलंय. पहिल्या दिवसापासून. दर फोनला विचारते, कधी येताय. बाबा म्हणतात, बघू." ती चादरीची घडी सरळ करत होती. "त्याचा अर्थ मला माहीत आहे. तरी म्हटलं, एखाद्या वेळी खरंच बघतील."

ही पलंगावर बसली. खोक्यावरचा चौथा पाय करकरला. "त्या खोलीत काय आहे?"

"काही नाही. दोन गाद्या आहेत. आणि दार उघडं ठेवते. बंद केलं की घर जास्त रिकामं वाटतं."

दोन वर्षं मी समजत होतो की वाट आम्ही बघतोय. समोरच्या गाळ्यातले गृहस्थ सोफ्यावरून उठले आणि उगाच दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. नेहमीचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. सवय आहे, तो आपोआप येतो. मी तो गिळला.

"शुक्रवारी येतो," मी म्हटलं.

"पुढच्या?"

"ह्या."

"माझ्याबरोबर?" तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ही पदराने डोळे पुसत होती आणि मान हलवत होती. "बाबा, परवा आहे शुक्रवार. एवढ्यात आवरून होईल तुमचं?"

"होईल," मी म्हटलं. "आमचं सामान फारसं नाही."